सेरिन्याँच्या आवारातली वीस मिनिटं

आधी सप्टेंबरात उतरा. पिल्लं बाहेर येणार जूनमध्ये, पण ज्या पेटीतून ती येणार तिचं बांधकाम आज चाललंय. ते पाहिल्याशिवाय जूनच्या सकाळी तुम्हाला नुसती पळापळ दिसेल.

साल १८९४ धरू. दक्षिण फ्रान्सचा व्होक्लूज भाग, ऑरांज शहरापासून सात-आठ किलोमीटरवरचं सेरिन्याँ हे खेडं. गावाच्या कडेला भिंतीने वेढलेला हेक्टरभर माळ आहे. सगळे दगडगोटे, काटेरी झुडपं आणि रानटी थाइमचे झुबके. कुणी शेतकरी ही जमीन फुकटातही घेणार नाही. जाँ-आंरी फाब्र नावाच्या एका माजी शाळामास्तराने ती १८७९ मध्ये मुद्दाम विकत घेतली, कारण किड्यांना असलीच जमीन लागते. पैसे आले ते शाळेची पुस्तकं लिहून. आज ते सत्तर वर्षांचे आहेत. रुंद काठाची काळी फेल्ट हॅट घालून ते समोरून येताहेत. तुम्ही बाजूला व्हा. तुम्ही त्यांना दिसत नाही, पण धक्का लागू नये.

प्रवासाच्या अटी दोनच. कशाला हात लावायचा नाही आणि कुणाशी बोलायचं नाही. आज दोन्ही सोप्या वाटतील.

प्रयोगशाळेत चला. उन्हातल्या मोठ्या टेबलावर वाळूने भरलेल्या पसरट कुंड्या रांगेत मांडल्यात आणि प्रत्येकीवर जाळीचं घुमटासारखं झाकण आहे. स्वयंपाकघरात अन्नावर माशा बसू नयेत म्हणून वापरतात तेच. आत वाळक्या थाइमची एक जुडी आणि एक सपाट दगड. एवढ्या संसारात एकेक मादी राहते. आपण जिला खंडोबाचा किडा किंवा प्रार्थना कीटक म्हणतो त्याच कुळातली ही, मँटिस रेलिजिओसा. पुढचे दोन पाय छातीशी जोडलेले, त्यामुळे इथल्या खेडुतांनाही ती देवाची करुणा भाकतेय असंच वाटत आलंय. पण या पायांना करवतीसारखे दात आहेत आणि दिवसभरात तिला इतके नाकतोडे लागतात की म्हातारबुवांनी शेजारची दोन-तीन उनाड पोरं कामाला लावलीत. सकाळ-संध्याकाळ वेताच्या छोट्या पिंजऱ्यांत जिवंत नाकतोडे भरून आणायचे, मजुरी म्हणून पाव आणि खरबुजाची फोड. दारात उभ्या असलेल्या पोराच्या हनुवटीवरून खरबुजाचा रस ओघळतोय.

आता त्या कडेच्या जाळीकडे वाका. मादी वर घुमटाला धरून अगदी स्थिर लटकलीय. तुम्ही कितीही जवळ गेलात तरी तिला पर्वा नाही, कारण तिचं काम सुरू झालंय. पोटाचं टोक एका फेसाच्या गोळ्यात बुडालेलं आहे. फेस करडा-पांढरा, चिकट, साबणाच्या पाण्याला येतो तसा. तो बनतो कसा ते नीट पाहा. पोटाच्या टोकाशी दोन रुंद झडपा आहेत. त्या भराभर उघडमिट करत शरीरातून झिरपणारा चिकट द्रव घुसळतात आणि त्यात बाहेरची हवा कोंडतात. म्हणून पेटी मादीच्या पोटाच्या मानाने एवढी मोठी होते. तिच्यात बराचसा भाग हवेचाच.

पोटाचं टोक डावीकडून उजवीकडे आणि उजवीकडून डावीकडे लंबकाच्या लयीत झुलतं. प्रत्येक फेरीला आत अंड्यांचा एक थर बसतो आणि बाहेर पेटीवर एक बारीक आडवी रेघ उमटते. मधूनच ते टोक एकदम खोल बुडी मारतं, तळाशी काहीतरी ठेवून आल्यासारखं. अंडी पडताना मात्र दिसत नाहीत. फाब्र भिंग घेऊन बसलेत, मान वाकडी करून. त्यांनाही ती दिसत नाहीत, सगळा व्यवहार फेसाच्या आड. दोन-तीन मिनिटांपूर्वीचा फेस तोवर घट्ट होऊन गेलेला असतो.

हे सगळं न थांबता सुमारे दोन तास चालतं. तुमचे गुडघे दुखतील. तिचं लक्ष ढळत नाही, पण ती एकदाही मान वळवून मागे बघत नाही. डोकं एका टोकाला, काम दुसऱ्या टोकाला आणि दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही. काम संपतं. ती टोक बाहेर काढते आणि चालू लागते. फाब्रना आशा होती की ती निदान एकदा वळेल, पाळण्याशी काही ओलावा दाखवेल. तसं काहीच होत नाही. ती नाकतोड्याच्या शोधात निघून जाते. मला विचाराल तर यात निष्ठुरपणा शोधू नये. नेटकं काम करून निघून गेलेल्या गवंड्याला आपण निष्ठुर म्हणत नाही.

पेटी आता निवांत पाहा. लांबी चार सेंटिमीटरच्या आसपास, रुंदी दोन. रंग पिकल्या गव्हाचा. एक टोक गोलसर, दुसरं निमुळतं. पाठीवर उभे तीन पट्टे दिसतात. कडेचे दोन गुळगुळीत, बंद. मधला अरुंद पट्टा वेगळाच आहे. त्यावर पातळ खवल्यांच्या दोन रांगा आहेत, कौलं रचावीत तशी एकावर एक सरकवलेली. खवल्यांच्या कडा सुट्या आहेत आणि प्रत्येक कडेखाली एक बारीक फट आहे. पेटीला दारं आहेत ती एवढीच. आत अंडी थराथरांनी बसलीत आणि प्रत्येक अंड्याचं डोक्याचं टोक या पट्ट्याकडे आहे. जूनमध्ये निम्मी पिल्लं डावीकडच्या फटींतून येतील, निम्मी उजवीकडच्या. मोठ्या पेटीत अंडी सुमारे चारशे. फाब्रच्या एका मादीने तीन पेट्या बांधल्या होत्या, तिसरी निम्म्या आकाराची. एकीची हजारभर संतती झाली म्हणायची.

बाहेर माळावरही फेरी मारा. रानातल्या माद्यांना दगड चालतो, द्राक्षाच्या वेलीचं खोड चालतं, वाळकी काडी, विटेचा तुकडा, फडक्याची चिंधी, इतकंच काय टाकून दिलेल्या जोड्याचं कडक चामडंही चालतं. पृष्ठभाग जरा खडबडीत हवा, म्हणजे पाया धरतो.

त्या दगडावर ताजी पेटी आहे आणि तिच्यावर एक चिमुकली गांधीलमाशी फिरतेय, मुंगीपेक्षा फार मोठी नाही. मागे लांब सुईसारखी नळी. ती सुई भिंतीतून आत घालते आणि मँटिसच्या अंड्यांत स्वतःची अंडी ठेवते. तिच्या प्रजातीचं नाव पोडाग्रियॉन. दारंबिरं तिला लागत नाहीत. तुम्ही तिला हुसकावू शकत नाही, अट लक्षात आहे ना? फाब्रनी माळावरून गोळा केलेल्या कितीतरी पेट्यांतून शेवटी काहीच निघत नाही, किंवा अगदी थोडं निघतं. ही आधी येऊन गेलेली असते.

आता पुढे सरका. हिवाळा, १८९५.

मिस्त्राल वारा ऱ्होन नदीच्या खोऱ्यातून उतरतोय आणि पूर्वेला मॉं व्हांतूचा माथा पांढरा दिसतोय. हा हिवाळा लांबलेला आणि कडक आहे, घरात सगळ्यांच्या बोटांना थंडीने सूज आलीय. त्या पेट्या मात्र उघड्यावर, दगडांना आणि काड्यांना चिकटून, जशा होत्या तशाच आहेत. मधला पांढरा खडूसारखा पट्टा पावसा-वाऱ्याने थोडा झिजलाय, इतकंच.

फाब्र एक पेटी आडवी कापतात. गाभ्यात अंड्यांचा दाट, कडक लांबट ठोकळा दिसतो आणि त्याच्या बाजूंनी वाळलेल्या फेसाचा जाड, सच्छिद्र थर. हीच त्या पेटीची रजई. कोंडलेली हवा उष्णता सहजी जाऊ देत नाही, थंडीही आत येऊ देत नाही. याच गुणावर रम्फर्ड या शास्त्रज्ञाने शतकभर आधी एक गंमत करून दाखवली होती, असं सांगतात. फेटलेल्या अंड्यांच्या फेसात गोठवलेलं चीज ठेवून त्याने ते सगळं भट्टीत घातलं. बाहेर गरमागरम फुगलेलं ऑमलेट तयार झालं आणि मधलं चीज जसंच्या तसं थंड. फाब्रना ही गोष्ट आठवते आणि ते खूष होतात. मँटिसने रम्फर्डच्या कितीतरी आधी अंड्यांभोवती फेस घुसळला होता, फक्त तिला आत ऊब राखायची होती. पेटीचा एक तुकडा ते विस्तवावर धरतात. जळक्या रेशमाचा हलका वास येतो. द्रव्य रेशमाच्या जातीचं आहे, पण त्याचा धागा न होता फेस झालाय.

दारावर शेजारीण आलीय. तिचा दात दुखतोय आणि तिला टिग्नो हवाय. इथे या पेटीला टिग्नो म्हणतात. बायका ती ठरावीक चंद्र असताना माळावरून आणतात, कपाटाच्या कोपऱ्यात जपतात, खिशात शिवून ठेवतात. दाढ ठणकली की एकमेकींकडून उसनी नेतात आणि हरवू नको म्हणून बजावतात, कारण आता दुसरी आणायला चंद्र योग्य नाही. थंडीने सुजलेल्या बोटांवरही हाच उपाय: पेटी मधोमध कापायची, पिळायची आणि निघालेला रस चोळायचा. फाब्र हसत नाहीत. त्यांनी या हिवाळ्यात स्वतःच्या आणि घरच्यांच्या बोटांवर हा उपाय करून पाहिलाय. सूज तसूभर उतरली नाही. तसं त्यांनी लिहूनही ठेवलंय. शेजारणीचा विश्वास मात्र अजून शाबूत आहे.

आपल्याकडच्या वाचकाला ही पेटी अगदीच अनोळखी नाही. जास्वंदीच्या किंवा लिंबाच्या काटकीवर चिकटलेला तपकिरी, वाळक्या फेसाचा गोळा तुम्ही पाहिला असेल, कदाचित रोग समजून फांदीसकट छाटलाही असेल. आपल्या जातींना हिवाळा काढायचा नसतो. महिना-दीड महिन्यात पिल्लं बाहेर पडतात आणि अनेक जातींत ती आधी बारीक धाग्यांना खाली डोकं करून झुंबराने लटकतात. सेरिन्याँच्या अंड्यांना मात्र नऊ महिने थांबावं लागतं.

जूनचा मध्य. सकाळी दहाला पाच कमी. पुढचं सगळं सावकाश पाहा.

ऊन स्वच्छ आहे. आवारातल्या एका उबदार कोपऱ्यात फाब्रनी हिवाळ्यात गोळा केलेल्या पेट्या रांगेने मांडल्यात. ते वाकून बसलेत आणि तुम्ही त्यांच्या डाव्या खांद्यामागे आहात. पेट्यांभोवती मुंग्या फिरताहेत. रोज फिरतात. फाब्र रोज त्यांना झटकतात आणि त्या रोज परत येतात. भिंत फोडणं त्यांच्या आवाक्यातलं नाही, पण आत कोवळं मांस तयार होतंय हे त्यांना कळलेलं आहे. त्या दाराशी थांबल्यात.

मधल्या पट्ट्यातलं एक खवलं किंचित उचललं जातं.

त्याखालून एक बोथट, पारदर्शक फुगवटा सरकत बाहेर येतो. पाठोपाठ दोन मोठे काळे ठिपके. ते डोळे आहेत. मग संथपणे उरलेलं अंग निसटतं आणि निम्मं बाहेर येऊन थांबतं. तुम्ही मँटिसच्या पिल्लाची वाट पाहत होता. हे पिल्लू नाही. पाय नाहीत, स्पर्शिका नाहीत, त्रिकोणी डोकं नाही, मान नाही. लालसर पिवळा, निमुळता, होडीच्या आकाराचा एक जीव आहे फक्त, पारदर्शक झग्यात गुंडाळलेला. जरा जवळ जा, म्हणजे झग्याआडचं दिसेल. तोंडाचे अवयव छातीवर चपटे दाबून ठेवलेत, पाय अंगालगत मागे वळवून घट्ट चिकटवलेत. सगळं आहे, फक्त बांधून ठेवलेलं.

ही बांधाबांध कशासाठी, ते त्या फटीकडे पाहूनच कळतं. मँटिसच्या पिल्लाचे पाय लांब आणि काडीसारखे असतात, स्पर्शिका त्याहून नाजूक. तो सगळा पसारा उघडा घेऊन अरुंद फटीतून यायचं म्हटलं तर एखादा पाय कडेला अडकेल, तुटेल, आणि मागच्याचीही वाट बंद होईल. म्हणून पिल्लू आधी आपलं सामान बांधून निघतं. हा वेश फक्त दार ओलांडण्यापुरता. आयुष्य काही मिनिटांचं.

आता डोक्याकडे बघा. ते धडधडतंय. आतल्या रक्ताचा लोंढा तिकडे ढकलला जातोय आणि डोकं फुगत चाललंय, दुधट, जवळजवळ थेंबासारखं. आणखी फुगतं. तोवर मागचं अंग पुढेमागे होतंय, वाकतंय, पुन्हा सरळ होतंय, आणि डोकं छातीकडे झुकत जातं. झगा पाठीवर, मानेच्या खालच्या भागात ताणला जातो. तिथेच तो फाटतो.

मग सगळं एकदम घाईने घडतं. फाटीतून पाय सुटतात, लांब स्पर्शिका सुटतात. पिल्लू पेटीला आता फक्त एका बारीक दोरीने जोडलेलं आहे. चार झटके, आणि तेही संपतं. झग्याची चिंधी फटीच्या तोंडाशी राहते. समोर खरं पिल्लू उभं आहे. पंख नाहीत, बाकी सगळं आईसारखं. पुढचे दोन पाय आत्ताच छातीशी दुमडलेले. कोश नाही, अळी नाही. इथून पुढे ते फक्त वाढणार आणि कात टाकत जाणार, ऑगस्टमध्ये पंख येईपर्यंत.

पण एवढ्यात शेजारचं खवलं उचललं गेलंय. त्याच्या शेजारचंही. पुढच्या रांगेतली चार. कुणी इशारा दिलाय असं वाटावं इतक्या भराभर एकाच पेटीतली एका बाजूची अंडी एकदम उबवून निघताहेत. मधला पट्टा काही क्षणांत वळवळत्या अंगांनी भरून जातो. कुणी निम्मं बाहेर आहे, कुणाचं डोकं फुगतंय, कुणी झगा अर्धा उतरवलाय, कुणी मागच्या पायाने त्याची चिंधी झटकतंय. नजर एका पिल्लावर ठेवाल तर शेजारचं निसटेल. मी सांगेन, ठेवा तरीही. एकच निवडा.

तुम्ही निवडलेलं पिल्लू आत्ता डोकं फुगवतंय. त्याला अजून पाय नाहीत.

मुंगी खालून चढते. ती झगा फाटायची वाट बघत नाही. पिल्लाचं पोट जबड्यात धरते, ओढते, म्यानातून खेचून काढते आणि कापायला सुरुवात करते. बाजूच्या फटीशी दुसरी मुंगी. खाली आणखी सहा-सात, कुणाच्या जबड्यात अख्खं पिल्लू, कुणाच्या जबड्यात अर्धं. जी नुकतीच सुटली ती पाय हवेत हलवतात. त्यांच्याकडे प्रतिकार म्हणून एवढंच आहे. फाब्र हाताने मुंग्या झटकताहेत. त्यांना तुमच्यासारखी अट नाही, पण दहा बोटं शंभर मुंग्यांना पुरत नाहीत. ते वैतागलेत. पेट्या घराबाहेर ठेवल्या म्हणून असं होतं असं त्यांना एकदा वाटलं होतं, म्हणून त्यांनी काही पेट्या काचघरात नेल्या. मुंग्या तिथेही आल्या. वीसेक वेळा तरी त्यांनी हे उबवणं पाहिलंय आणि दर वेळी शेवट असाच झाला. तुम्हाला आज जे दिसतंय तो अपवाद नाही.

आणि तरीही काही वाचतात. का वाचतात, ते आता नीट बघा, कारण सकाळभरातली मला सर्वांत महत्त्वाची वाटलेली गोष्ट ही आहे. पेटीच्या निमुळत्या टोकापाशी एक पिल्लू दोन-तीन मिनिटांपूर्वी सुटलंय. कोवळं अंग हवेत जरा घट्ट झालंय, पायांत जोर आलाय. ते मुंग्यांच्या गर्दीतूनच चालत निघतं, झपझप. समोरून येणारी मुंगी थबकते आणि बाजूला होते. दुसरी मागे सरते. पिल्लाने पुढचे पाय छातीशी धरलेत, मुष्टियोद्धा धरतो त्या बेताने, आणि मान ताठ. आकाराने ते मुंग्यांपेक्षा फार मोठं नाही. विष नाही, डंख नाही. तीन मिनिटांपूर्वी याच मुंगीने त्याला सहज फाडलं असतं. आता ती वाट देते.

म्हणजे या पिल्लांचा जीव जातो तो झग्यातून पाय मोकळे होईपर्यंतच्या वेळात. आईने नऊ महिन्यांची थंडी, पाऊस, वारा सगळ्याची तजवीज केली. दारं ठेवली, अंड्यांची डोकी दाराकडे वळवली. दाराबाहेरच्या पहिल्या काही मिनिटांसाठी तिच्या त्या सुंदर पेटीत काहीच सोय नाही. तिथे फक्त संख्या कामाला येते. चारशेंतल्या काहींना झगा उतरवायला उसंत मिळते, कारण मुंग्यांचे जबडे त्या वेळी दुसऱ्यांनी भरलेले असतात.

वाचलेली पिल्लं पेटीवर रेंगाळत नाहीत. काही सरळ खाली उडी टाकतात, काही जवळच्या पानावर चढतात. भिंतीच्या फटीतून एक करडा सरडा बाहेर येतो, तिथल्या घरांच्या भिंतींवर असतो तोच छोटा. तो जिभेच्या टोकाने एकेक पिल्लू टिपतो, शांतपणे, गडबड न करता. दर घासाला त्याच्या पापण्या किंचित मिटतात. मुंग्यांना वाट द्यायला लावणारी ताठ मान त्याच्यापुढे कामाची नाही.

वीस मिनिटं झालीत. पट्टा रिकामा आहे. खवल्यांच्या कडांना पांढऱ्या चिंध्या लोंबताहेत. पेटी आतून मात्र संपलेली नाही, आणखी अंडी आहेत. ती काही दिवसांनी अशाच एखाद्या उन्हाच्या सकाळी निघतील आणि मुंग्या तेव्हाही इथेच असतील. त्यात पुन्हा मुंग्यांनाही कुणीतरी खातंच. फाब्र हा हिशेब पुढे बराच ताणतात. मुंग्यांवर पोसलेला पक्षी शरदात चरबी धरतो आणि शेवटी माणसाच्या ताटात भाजून येतो, म्हणून मँटिसची हजार अंडी आपल्यालाही कुठेतरी पोचतात, असा त्यांचा रोख. मला ते थोडं ओढूनताणून वाटतं, पण सकाळभर जे पाहिलं त्यानंतर माणूस कशाशी तरी हिशेब जुळवू पाहणारच.

काचघराकडे या. इथे फाब्रनी कशीबशी वाचवलेली काही पिल्लं जाळीखाली ठेवलीत. मुंग्यांपासून ती आता सुरक्षित आहेत आणि आता त्यांना भरवायचं आहे.

पहिल्यांदा गुलाबावरचा मावा येतो. गुबगुबीत, मऊ, पळू न शकणारा. एकही पिल्लू त्याला शिवत नाही. मग गवतावर जाळं फिरवून पकडलेली बारीकात बारीक चिलटं. नको. माशीचे तुकडे करून जाळीला इथे-तिथे अडकवले जातात. कुणी फिरकत नाही. मग म्हातारबुवा अर्धी सकाळ गवतात घालवून नुकतेच जन्मलेले नाकतोडे शोधून आणतात, ओंजळभर. आया ज्यावर जगल्या त्याचीच ही बाळं, आता तरी? पिल्लं त्यांना पाहून घाबरून पळतात. मांसाहार बहुधा मोठेपणी सुरू होत असेल, असं समजून लेट्यूसच्या गाभ्यातलं कोवळं पान ठेवलं जातं. मग लॅव्हेंडरच्या कणसांवर मधाचे थेंब. पिल्लं मधावरून चालत जातात.

तुम्हाला इथे काहीतरी ठाऊक आहे. तुमच्या काळात मँटिस पाळणारे लोक पिल्लांना फळमाश्या देतात, पंख नसलेल्या, काचेच्या नळीत वाढवलेल्या, आणि पिल्लं त्या झेप घालून पकडतात. पहिल्या दिवशी मात्र ती बहुधा काहीच खात नाहीत, अंड्यातली शिदोरी अजून पोटात असते. थांबा, एक दिवस थांबा आणि उद्या पुन्हा द्या, एवढं सांगितलं तरी चाललं असतं. जूनचा महिना आहे, आवारात चेरीचं झाड आहे, त्याच्या खाली पडून नासलेल्या फळांवर त्या माश्या उडत असणारच.

फाब्र मधाचं दुसरं कणीस आत ठेवतात.

दोन-चार दिवसांत जाळीतली सगळी पिल्लं उपाशी मरतात. फाब्र एकूण एक पदार्थ नावानिशी लिहून काढतात, कशाला किती नकार मिळाला ते सांगतात, या अपयशालाही किंमत आहे आणि लहानपणी पिल्लांचा काहीतरी वेगळा आहार असणार असा निष्कर्ष काढतात. निष्कर्ष चुकीचा निघाला. यादी मात्र १८९७ साली त्यांच्या कीटकविषयक लेखनाच्या पाचव्या खंडात छापून आली, लेट्यूस आणि लॅव्हेंडरवरच्या मधासकट.